हौद्याची भोकं कुणी बुजवली?

भांडुप,
३० सप्टेंबर १९८५

चंदरभाऊ,

नुसतं नाव वाचून ओळख पटायची नाही, म्हणून आधीच सांगते. गणपतीच्या आधी तुमची डिझेलची पिकअप ज्यांनी घेतली त्या सहदेवची मी बायको, नलिनी. व्यवहार चालला होता तेव्हा मागे उभी राहून पदराने नाक दाबत होती ना, तीच. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, "वहिनी, सवय होईल." अजून झालेली नाही.

हे पत्र लिहिलंय ते ह्यांना ठाऊक नाही. ह्यांना विचारायची लाज वाटते. "विचारलंय तर तो म्हणतलो, गाडी घेतल्यान आणि कळना काय नाय." मी म्हटलं, खरंच कळत नाही ना आपल्याला, मग म्हणू दे की! पण ऐकतील तर शपथ. मला मात्र विचारायला काही वाटत नाही. उलट रोज नवीन काहीतरी दिसतं आणि डोक्यात भुंगा सुरू होतो.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलंय. इंजिन ऑइल बदललं, डिझेलचा फिल्टर नवा घातला, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारलं, वरची ताडपत्री नवी शिवली. आता प्रश्न ऐका. सकाळी गाडी चालू करताना हीटरचं बटन किती वेळ दाबून धरायचं? हे कधी जास्त धरतात, कधी कमी, आणि गाडी खोकत बसते. रस्त्यात डिझेल संपलं तर नंतर डिझेल ओतूनही ती चालू होत नाही, असं शेजारचे म्हणतात. का होत नाही? डाव्या दाराला आतून दोरीची कडी कशासाठी आहे? दार तर नीट बंद होतं.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे वास.

घाटकोपरला वजुभाई म्हणून फरसाणवाले आहेत. त्यांचा माल मुलुंडपासून अंधेरीपर्यंत दुकानांत पोचवायचा, असं बोलणं झालंय. दिवाळीच्या मालापासून सुरुवात. दसऱ्यानंतर ते स्वतः गाडी बघायला येणार. कट्टर शाकाहारी माणूस. गाठ्यांना बोंबलाचा वास आला तर आम्हाला दारातसुद्धा उभे करणार नाहीत. गिरणीचा संप झाल्यापासून ह्यांनी काय काय केलं ते लिहीत बसत नाही, पण एकही काम टिकलं नाही. हे एक टिकावं असं फार वाटतं. तेव्हा वास कसा घालवायचा ते सांगा. लवकर सांगा.

तुमची,
नलिनी


वेसावे,
४ ऑक्टोबर ८५

नलिनीताई,

पत्र मिळालं. मी लिहिण्यातला माणूस नाही. जमेल तसं लिहितो.

हीटर दाबला की समोर बारीक तार आहे ती लाल होते. पूर्ण लाल झाली की मग स्टार्टर. आधी घाई करायची नाही, नंतर उगाच धरून ठेवायचा नाही. तुमचे मिस्टर घाई करत असणार.

डिझेल संपलं की नळीत हवा शिरते. मग नवीन डिझेल ओतलं तरी इंजिनला घोट मिळत नाही. फिल्टरवर एक स्क्रू आहे तो थोडा ढिला करायचा आणि शेजारचा छोटा हातपंप दाबत राहायचा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. झालं. यात विशेष काही नाही.

दोरीची कडी धरायला. आमची आय पुढे बसायची. तिला दाराचा भरवसा नव्हता.

वासाचं म्हणाल तर मासळीच्या गाडीला मासळीचाच वास येणार, मोगऱ्याचा कुठून येणार? सोड्याने धुवा, उन्हात उभी करा. जाईल. फक्त मागे माल भरतो त्या हौद्यातल्या फळ्यांना हात लावू नका. लाकूड एक नंबर आहे, असं आता मिळत नाही.

यापुढे पत्र घरी पाठवू नका. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या पत्त्यावर पाठवा, खाली लिहिलाय. मी हल्ली चुलतभावाच्या बोटीवर असतो, कधी असेन कधी नसेन. सोसायटीत पत्र सुरक्षित राहतं.

चंदर


भांडुप,
९ ऑक्टोबर १९८५

चंदरभाऊ,

अहो, तुमच्या त्या हातपंपाने मला काय इज्जत मिळाली म्हणून सांगू! परवा कांजूरच्या पुढे गाडीतलं डिझेल संपलं. हे डबा घेऊन डिझेल आणायला गेले, आले, ओतलं आणि स्टार्टर मारत बसले. मी खाली उतरले, बॉनेट उघडायला लावलं, स्क्रू ढिला केला आणि पंप दाबायला लागले. पहिल्यांदा नुसता फेस. मग बुडबुडे. मग थांबले! मी स्क्रू आवळला आणि म्हटलं, मारा आता. पहिल्या झटक्यात चालू. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काय माझ्या अंगात देवीच आलीय. मग विचारलंच, "गो, ह्या तुका कोणी शिकवल्यान?" सांगावं लागलं. थोडे फुगले, पण आता तुमच्या पुढच्या पत्राची वाट तेच जास्त बघतात.

तुम्ही पत्र घरी नको म्हणालात, म्हणून सोसायटीच्या पत्त्यावर टाकतेय. का नको ते विचारणार नव्हते. विचारावंसं वाटलं, एवढंच सांगते.

आता वास. सोड्याने धुतलं. चुन्याच्या निवळीने धुतलं. फिनेल ओतलं, तर फिनेल आणि मासळी असा मिसळून जो वास आला त्याला नावच नाही. लिंबाच्या साली ठेवल्या. कोपऱ्यावर लवू म्हणून मेकॅनिक आहे, त्याने छातीठोक सांगितलं की आत उंदीर मेलाय. सीट काढली, पायाखालचा पत्रा काढला. उंदीर नाही. एक फणी निघाली, आणि लवू म्हणतो, मग उंदीर पळाला असेल. मेलेला उंदीर कसा पळेल हो?

गाडी धुतली की दोन दिवस बरं असतं आणि मग आधीपेक्षा जास्त घाण येते. उन्हात उभी केली तर विचारूच नका. आमच्या आळीतली सगळी मांजरं आता हौद्यात राहायला आलीत. खाली उतरवली तर परत चढतात. फळ्या चाटतात! कोरड्या लाकडात चाटण्यासारखं काय आहे?

आणि कालचा प्रकार ऐका. मी हौद्यात बसले होते, ह्यांनी ब्रेक मारला आणि माझ्या खाली डबडब असा आवाज झाला. पाण्याचा. फळ्या तर कोरड्याठाक. मी ह्यांना म्हटलं परत मारा ब्रेक. परत डबडब. तीनचारदा मारायला लावला, रस्त्यावरचे लोक बघायला लागले.

मग लवूला गाडीखाली घातलं. तो म्हणाला, फळ्यांच्या खाली लोखंडी तळ आहे आणि त्या तळाला चार कोपऱ्यांत चार भोकं आहेत, पाणी जायला. कंपनीचीच. पण चारही बुजवलेली आहेत. तीही कशीतरी नाही, कापूस ठासून वर राळेसारखं काळं काहीतरी लावलंय, दगडासारखं घट्ट. म्हणजे बर्फाचं पाणी, मासळीचं पाणी, आणि आता आम्ही धुतो ते पाणी, सगळं आतच! हौद्याचा हौद झालाय, चंदरभाऊ.

हौद्याची भोकं कुणी बुजवली? आणि का? गाडीचं पाणी गाडीतच राहावं असं कुणाला वाटेल? माझी झोप उडालीय. ह्यांचं म्हणणं, फळ्या उपटून काढू. तुम्ही हात लावू नका म्हणालात म्हणून थांबलेय, पण दसरा तोंडावर आलाय.

नलिनी


वेसावे कोळीवाडा,
१३ ऑक्टोबर १९८५

नलिनीबाय,

मी कमळ, चंदरची बायको. तुमचं पत्र आमच्या घरी वाचलं गेलं. वाट लागलीय इथे, पण यात तुमचा दोष नाही.

हे बोटीवर आहेत. सोसायटीतल्या माणसाने विचार केला, बोट आणखी चार दिवस यायची नाही, पत्र घरी देऊ, आणि आणून दिलं सासूबाईंच्या हातात. सखुबाई त्यांचं नाव. त्यांना वाचता येत नाही. "कोनाचा कागुद? वाच," म्हणाल्या आणि मी पण येडी, मोठ्याने वाचत सुटले. भांडुप, हातपंप, लवू, मांजरं. हसत होतो दोघी. मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी काय वाचतेय, पण तोवर सगळं बाहेर पडलं होतं.

त्यांना माहीत नव्हतं गाडी विकली ते. यांनी सांगितलं होतं, गाडी गॅरेजमध्ये आहे, मोठं काम निघालंय. आणि आपण दुसऱ्याच्या ट्रकवर बर्फ वाहायला जातो, म्हणून दोन दोन दिवस घरी नसतो. खरं म्हणजे गाडी विकून यांनी चुलतभावाच्या बोटीत भाग घेतला. यांना पहिल्यापासून दर्याच हवा होता. मला माहीत होतं. मी गप्प बसले.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या बाईने इचारलंय ना? जवाब दे. लिही." पुढचं त्या बोलल्या तसंच लिहिते.

"भोकं मी बुजवली. माजं नाव सखू. पोरी, मना आधी सांग, तळाला भोक पाडून कोन काय बनवतो गो? माजा दादला बळवंत, चंदरचा बाप, ज्या होडीत गेला तिच्या तळाची एक फळी कुजलेली. रातोरात पानी भरलं. बाकीचे पोवून आले, तो नाय आला. होडी मागनं लाटेनं आनली, तो नाय. तवापासून आमच्या घरात तळाला भोक असा शबुद बी कोन काढत नाय.

मंग चंदरनं ही गाडी आनली. मी देवीला नारळ फोडला, पोरगा जमिनीवर राहिला म्हनून. गाडीखाली वाकून बघते तर चार भोकं! चार! मी बोलली, आंधळ्यानं बनवली का काय ही? चंदर दुपारचा झोपला व्हता. मी कापूस घेतला, राळ तापवली, आनि होडीला भरतात तसं भरलं. त्याला आजून ठाऊक नाय.

त्या फळ्या बापाच्या होडीच्या. होडी मोडली तवा मीच ठेवल्या, चांगल्या बघून. दर अवसेला मुशी मासळीच्या काळजाचं तेल लावते त्यांना, होडीला लावतात तसं. लाकूड कुजत नाय त्यानं. तुज्या मांजरांना म्हनून गोड लागतात.

इतकी वरसं चंदर त्या गाडीतून रोज घरी आला. एक दिस नाय चुकला. आता गाडी तुज्याकडं आनि पोरगा दर्यात. फळ्या काढू नको. भोकं उघडू नको. तुजा घरवाला बी त्याच गाडीतून घरी येतो ना?"

एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी काय सांगू तुम्हाला?

कमळ


भांडुप,
१६ ऑक्टोबर १९८५

सखुबाई आजी,

कमळताईंना सांगा, हळू वाचा आणि मध्ये काही गाळू नका.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर हे उठले, गाडीजवळ गेले, फळ्यांवरून हात फिरवून परत आले. म्हणाले, "म्हाताऱ्येन आपल्या हातान बुजवलेला. माका नाय जमाचा काढूक." मी म्हटलं, आणि वजुभाई? तर म्हणे, "ऱ्हवांदे. दुसरा काय तरी बघूया." गेली तीन वर्षं मी हेच ऐकतेय, आजी. मला रडूच आलं. तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू. मी तुम्हाला पाहिलेलंही नाही आणि तुम्ही माझ्या गाडीच्या बुडाशी बसून माझं काम अडवताय, असं वाटलं.

मग मी स्वतः गाडीखाली गेले. लवूला म्हटलं, टॉर्च धर. आजी, तुमचं काम मजबूत आहे. एक थेंब गळत नाही. पण त्यामुळे काय झालंय ते ऐका. खाऱ्या पाण्याने आतून लोखंड खाल्लंय. हौदा ज्या आडव्या पट्ट्यांवर बसलाय त्यांतल्या मागच्या पट्टीत मी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर बिस्किटात जावा तसा आत गेला. लवू म्हणतो, अजून एक उन्हाळा, मग एखाद्या खड्ड्यात माल भरलेला हौदा मागून खाली बसेल.

मी विचार करत बसले, तुमचं चुकलं कुठे. आणि मला वाटतं, तुमचं चुकलं नाही, गाडीच उलटी आहे. होडीला पाणी बाहेरून मारतं, म्हणून तळ बंद हवा. गाडीला पाणी आतून मारतं, म्हणून तळ उघडा हवा. होडीत भोक पडलं की माणूस जातो. गाडीची भोकं बुजली की माणूस जाऊ शकतो. तुम्ही विचारलंत ना, माझा घरवाला त्याच गाडीतून घरी येतो ना? येतो. म्हणूनच मला ती उघडायचीत.

तुम्हाला न विचारता लवूच्या हातात छिन्नी देता आली असती. वजुभाई दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी येतायत आणि पट्टी वेल्डिंग करायला, रंगायला वेळ लागणार. तरी विचारतेय, कारण तुम्ही नाही म्हणालात तर हे हात लावणार नाहीत. लवकर कळवा. आणि रागावला असाल तर तेही कळवा, पण उत्तर द्या.

तुमची,
नलिनी


वेसावे,
१९ ऑक्टोबर ८५

नलिनीबाय,

सासूबाईंचं सांगणं:

"गाडीचं उलटं असतं हे मना कोनी सांगितलं नाय. चंदरनं नाय, त्याच्या ड्रायवर दोस्तांनी नाय. बायकांना काय सांगायचं, म्हनून गप. आता तू सांगितलंस.

काढ. पन पयलं भोक तू उघड, त्या लवूला नको देऊस. बाईच्या हातानं बुजलं, बाईच्याच हातानं उघडू दे. आनि आतून काय निघतं ते मना कळव. नुसतं पानी का आजून काय. मना बघायचं व्हतं."

ताजा कलम, हे माझं: हे बोटीवरून परत आले. आईला सगळं कळलंय हे कळल्यावर दारातच बसले. मायलेक एकमेकांशी बोलत नाहीत. एकाच खोलीत बसून माझ्याकडून निरोप पाठवतात. "त्याला सांग, चहा पी." "तिला सांग, प्यायलो." माझं पोस्ट ऑफिस झालंय.

कमळ


भांडुप,
२८ ऑक्टोबर १९८५

सखुबाई आजी,

आता सविस्तर ऐका, तुम्हाला बघायचं होतं ना!

गाडी उतारावर उभी केली, मागचं तोंड खाली. मागचा फाळका उघडला. हे बाजूला हात जोडून उभे, जसं काय गणपतीचं विसर्जनच करतायत. मी छिन्नी लावली आणि हातोडा मारला. काही नाही. पुन्हा मारला. आजी, काय भरलं होतंत हो तुम्ही! लवू हसायला लागला, म्हणाला वहिनी, द्या इकडे. मी म्हटलं, गप, मला सांगून ठेवलंय. दहाबारा घावांनी राळ तडकली, कापसाचा बोळा निघाला आणि धार लागली. काळीभोर. माझ्या साडीवर, लवूच्या अंगावर. तो वास! मांजरं तीच, फळ्या चाटणारी, तीसुद्धा शेपूट वर करून पळाली. आळीतल्या बायकांनी खिडक्या लावल्या. आणि मला काय झालं कोण जाणे, मी हसतच सुटले. वास कुठून येतो ते एकदाचं सापडलं होतं.

पाण्याबरोबर निघालं ते असं: खवले, कोळंबीची सालं, गंजाचा चिखल, जाळ्याचा एक तुकडा आणि बर्फाच्या पोत्याचा भुगा. माझं फिनेलही निघालं असेल, ओळखू आलं नाही.

मग फळ्या काढल्या. ह्यांनीच काढल्या, एकेक खिळा न वाकवता. त्यावर वाकून काहीतरी पुटपुटत होते, मी विचारलं नाही. लोखंडी तळ गोड्या पाण्याने धुवून काढला, तीन दिवस वाळू दिला. कुजलेली पट्टी कापून नवी वेल्ड केली. आतून लाल रंग, आणि खालून जुनं इंजिन ऑइल मारलं, गंज चढू नये म्हणून. ते लवूने सांगितलं, आणि या वेळी बरोबर सांगितलं. चारही भोकं मोकळी केली. दर आठवड्याला त्यांत तार घालून साफ करायची, हे काम मी माझ्याकडे घेतलंय.

वजुभाई आले. बारीक चणीचा, शांत माणूस. हौद्यात डोकं घातलं, हुंगलं. मग पिशवीतून गाठ्यांचा पत्र्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि हौद्याच्या मधोमध ठेवला. म्हणाले, "ताडपत्री लावा. गाडी दिवसभर उन्हात राहू द्या. मी संध्याकाळी येतो." आणि गेले!

ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. हे दिवसभर जिन्यावर बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी दोनदा ताडपत्रीखाली नाक घालून आले, पण माझ्या नाकावर माझाच विश्वास उरला नव्हता. इतके दिवस तोच वास हुंगून नाक मेलं होतं.

संध्याकाळी वजुभाई आले. डबा काढला, एक गाठी तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. मग दुसरी खाल्ली. मग डबा ह्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, "तुम्ही पण खा ना. उद्यापासून माल भरा." ह्यांनी एक गाठी उचलली, आजी. हातात धरूनच उभे राहिले. गिरणी बंद पडल्यापासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

फळ्यांत तेलाचा वास मुरलाय, म्हणून त्या परत घातल्या नाहीत, नीट बांधून ठेवल्यात. बुधवारी अंधेरीला माल टाकून हे तुमच्या दारात आणून देतील. त्यांना तुमच्या हातचा चहा द्या.

तुमची,
नलिनी


वेसावे,
९ नोव्हेंबर ८५

नलिनीताई,

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं आयला. कमळ मुद्दाम भांडी घासायला गेली, म्हणून मलाच वाचावं लागलं. कोळंबीची सालं वाचली तेव्हा आय हसली. किती दिवसांनी हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माजं काम पक्कं व्हतं ना पन?" मी म्हटलं, पक्कं होतं आय, बाराएक घाव लागले. तसे आम्ही बोलायला लागलो.

सहदेवराव येऊन गेले. फळ्या मिळाल्या. माणूस चांगला आहे, पण चहा फार गोड घेतो. हीटरची घाई करू नका असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

खरं सांगायचं तर ती भोकं बुजलेली आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं गाडी चालवली, एकदा खाली वाकून बघितलं नाही. वास यायचा, मला वाटायचं माझाच आहे.

आता पुढचं. बाप गेल्यापासून आय बोटींच्या बाजूला फिरकली नाही. बाजारात जाते, मासळी विकते, पण बोटी ओढून ठेवतात तिथे पाऊल नाही. गेल्या आठवड्यात भांग होता, पाण्याला जोर नसतो तेव्हा आम्ही बोट किनाऱ्याला ओढून तिचा तळ साफ करतो. मी बोटीखाली आडवा पडून तळ घासत होतो. बघतो तर शेजारी आयचे पाय. कासोटा घट्ट मारलेला, एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्या हातात कापूस. मला म्हणाली, "सरक." आणि शिरली खाली. फळीन् फळी बोटाने टोकरून बघितली. दोन ठिकाणी भरलेला कापूस उपटून फेकला आणि माझ्या चुलतभावाला सगळ्यांसमोर झापला, "याला काम म्हनतोस तू? माजी पोरं जातात यात!" तो बिचारा स्वतः बोटी बांधणारा माणूस, पण बाजूला सरकला. दिवसभर तिने एकटीने भरलं. कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी सगळा तळ तेलाने पुसून काढला. काकीने तेलाने बोट ओवाळली, असं चुलतभाऊ आता गावभर सांगत फिरतो.

निघायच्या दिवशी ती दारात उभी होती. इतकी वर्षं तिच्या तोंडून दर्यात जायचं नाही एवढंच ऐकलेलं, म्हणून मी आधीच तोंड वाकडं करून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कधी येशील?"

मी म्हटलं, परवा, भरतीबरोबर.

"बरं," म्हणाली आणि मासळी निवडायला बसली.

मी बोटीत जाऊन रडलो. आज भरतीबरोबर परत आलो, म्हणून हे लिहितोय. उत्तरात ही गोष्ट काढू नका, पत्रं कमळ वाचते.

चंदर